बनसोडे सरांचा बोगदा

फ्लॉपीला तेलकुंकू लावणारी बाई साऱ्या सातारा जिल्ह्यात मी एकटीच असेन. एक-दोन नव्हे, बारा फ्लॉप्यांना लावलं. वरच्या कागदी पाकिटाला लावून थांबले असते तर आज हे लिहायची पाळी आली नसती. जुनी फ्लॉपी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: हाताच्या पंजाएवढी, काळी, लवचीक, चौकोनी वस्तू. संगणकावर केलेलं काम तिच्यावर उतरवून ठेवायचं. तिला एका बाजूनं लांबट खिडकी असे आणि त्या खिडकीतून आतली गुळगुळीत तपकिरी तबकडी दिसे. मला वाटलं, कंपनीनं कुंकवासाठी जागाच करून ठेवली आहे. मी अनामिकेनं त्या खिडकीत एकेक ठिपका दिला, वर चिमूटभर हळद, वर दोन अक्षता, आणि प्रत्येक फ्लॉपी हलक्या हातानं पुन्हा पाकिटात सारली. जिथं बोट घसरलं तिथं पदरानं पुसलंसुद्धा. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, बी.ए. बी.एड. होते आणि सहा संगणकांच्या संस्थेची प्राचार्या होते. एवढं शिकल्याशिवाय एवढा मूर्खपणा जमत नाही.

फ्लॉप्या माझ्या नव्हत्या. बनसोडे सरांच्या होत्या.

साताऱ्यात आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, सासऱ्यांनी काढलेली. खालच्या खोलीत चौदा टंकयंत्रं खडखडत असायची. चौऱ्याण्णवच्या सुमाराला वरच्या खोलीत सहा संगणक आणले, कारण गावात दुसऱ्या कुणी आणायच्या आत आपण आणले पाहिजेत, एवढंच मला कळत होतं. ते सुरू कसे करायचे हे कळत नव्हतं. खोलीला पडदे लावले, गार हवेचं यंत्र लावलं, दाराशी ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी लावली आणि शिकवायला माणूस हवा म्हणून स्थानिक पेपरात जाहिरात दिली. मुलाखतीला तिघं आले. दोघं पुण्याची प्रमाणपत्रं घेऊन आले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. तिसरे बनसोडे.

उंच, हडकुळे, सत्तावीस-अठ्ठावीसचे. मूळ गाव कडेगावजवळ, वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. स्वतः बनसोडे सात वर्षं कोयनानगरला धरणाच्या कामावर रोजंदारीवर ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा मेणकापडावर शाईनं उतरवणारा माणूस. डोंगराच्या पोटातले बोगदे, पाणी सोडायच्या नळ्या, यंत्रांची दालनं हे सगळं त्यांनी बोटांनी गिरवलेलं होतं. आत मात्र एकदाच जायला मिळालं होतं, तेही एका साहेबांची छत्री घेऊन.

मी विचारलं, “तुम्हाला नक्की काय येतं?”

ते म्हणाले, “रेघ सरळ येती, बाई. बाकीचं शिकतो.”

पुण्याच्या दोघांना पगार जास्त द्यावा लागला असता. मी बनसोड्यांना ठेवून घेतलं आणि घरी सांगितलं की मी गुणांची कदर केली.

आमच्या घरात जातपात मानत नाहीत, हे आम्ही दर दोन दिवसांनी एकमेकांना सांगत असू. बनसोडे बौद्ध. मी त्यांना पहिल्या दिवसापासून आमच्या घरच्या कपात चहा दिला आणि हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल अशी व्यवस्थाही केली. कप नवा होता, निळ्या फुलांचा, खास त्यांच्यासाठी काढलेला. रोज तोच. वर्षभरानं एकदा त्यांनी तो उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि म्हणाले, “बाई, ह्यो फुटला तर माझा चा बंद व्हनार का?” मी खूप हसले. किती विनोदी माणूस, असं चारजणींना सांगितलं. त्यांनी काय विचारलं होतं ते कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पहिली दोरीची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नायलॉनची दोरी आणली आणि सहाही संगणकांचे जड मॉनिटर टेबलांच्या पायांना आवळून बांधले. कोयनेला सात वर्षं काढलेला माणूस. उंचावर जड वस्तू ठेवायची नाही, डोक्यावर फळी येईल असं बसायचं नाही, भांड्यातलं पाणी हललं की आधी दाराकडे बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी चिडले. नव्या कोऱ्या यंत्रांना म्हशीसारखं दावं! पालक काय म्हणतील? त्यांनी दोऱ्या सोडल्या नाहीत. पुढे तीन महिन्यांनी एका सकाळी भूकंपाचा धक्का बसला. पोरी किंचाळत खाली पळाल्या, मी त्यांच्याही पुढे. परत येऊन बघतो तो सहाही मॉनिटर जागेवर, आणि जिल्हा टंकलेखन स्पर्धेत आम्हाला मिळालेली पितळी ढाल कपाटावरून थेट चहाच्या पातेल्यात. बनसोड्यांनी ढाल उचलली, चहा निथळला आणि म्हणाले, “बाई, हिलाबी दोन हात दोरी घालू का?”

दुसरी सवय ब्लेडची. मेणकापडावर शाईची रेघ चुकली तर ती ब्लेडच्या कडेनं खरवडून काढतात. त्यामुळे कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड त्यांच्या डायरीत कायम असे. संगणकाला ब्लेड कशाला लागतंय, विचारलं तर म्हणत, “चूक करायची भीती वाटू ने म्हनून.”

आता त्या खेळाकडे येते. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना वर्णनावरून कळेल, आणि माझ्या नातवाला कळलं तेव्हा त्याच्या हातातला वडा खाली पडला. एका विद्यार्थ्यानं पुण्याहून तो आणला होता. पहिला अध्याय कंपनीनंच फुकट वाटला होता, चटक लागली की पुढचे विकत घ्या, असा हिशेब. पडद्यावर तुम्ही स्वतः दिसतच नाही. दिसतो फक्त तुमचा हात आणि हातातली बंदूक, आणि समोर अंधाऱ्या वाटा. तुम्हीच चालताय, तुमच्याच डोळ्यांनी बघताय. कोपऱ्यावर काय आहे ते कोपऱ्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

मी पहिल्यांदा बसले ते “पोरं काय बघतात ते तपासायला.” दुपारी एक ते तीन बॅच नसायची. पहिल्याच वळणावर मी वळण घेताना अख्खी डावीकडे कलले. दुसऱ्या वळणावर आणखी कलले. तिसऱ्यावर राक्षस आला आणि मी खुर्चीसकट जमिनीवर. काठापदराची साडी, प्राचार्या, सपाट. बनसोड्यांनी हात दिला नाही, कारण ते स्वतःच भिंतीला टेकून हसत होते. तसं हसताना मी त्यांना नंतर फारसं पाहिलं नाही.

“बाई, भिऊ नगा. ही राक्षसं कागदाची हायती. हे बघा.” त्यांनी एक राक्षस मारला आणि त्याच्याभोवती पूर्ण चक्कर मारली. “कुटनंबी बघा, ह्येचे पाय आपल्याकडंच. मेल्यावर ह्येला पाठ न्हाई.”

खरंच नव्हती. मला मोठी गंमत वाटली. त्यांना गंमत वाटली नव्हती, त्यांना त्यात स्वतःचा नकाशाचा धंदा सापडला होता. ते सांगू लागले की हा खेळ दिसतो खोल, पण आतून सपाट आहे. एका खोलीवर दुसरी खोली यात बांधताच येत नाही. मान वर करून बघताही येत नाही. सगळा खेळ म्हणजे वरून बघितलेला एक नकाशा. रेघ म्हणजे भिंत, आणि उंची म्हणजे त्या रेघेवर लिहिलेला आकडा. “ज्यानं केलाय त्यो आमच्यातलाच हाय, बाई,” ते म्हणाले. त्या क्षणी मी ‘आमच्यातला’ शब्द ऐकून जरा सावरून बसले, अशी मी सुधारक. ते नकाशावाल्यांबद्दल बोलत होते.

वर्षाभरात दुसरा भाग आला. पोरं नाचली, कारण बंदूक दोन नळ्यांची झाली होती आणि राक्षस वाढले होते. बनसोडे एक दुपार बघत बसले आणि म्हणाले, “दात नवं बसवल्यात, तोंड त्येच हाय.” पण त्याच सुमाराला एका संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या फ्लॉपीत त्यांना एक अवजार मिळालं, ज्यानं आपल्याला स्वतःचा नकाशा काढून त्या खेळात घालता येत असे. कंपनीनं ते दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं म्हणे. जगभर पोरं स्वतःचे किल्ले बांधत होती, आणि ज्यांचे चांगले होत त्यांना खेळ बनवणारे नोकरीवर घेत, असं त्या मासिकात छापलं होतं. बनसोड्यांनी ते पान कापून डायरीत ब्लेडशेजारी ठेवलं.

त्यांनी बोगदा बांधायला घेतला. कोयनेचा हुबेहूब नव्हे. ते म्हणत, सरकारी नकाशा चोरायचा नाही, पण माझ्या बोटाला जे आठवतंय ते माझं. डोंगराच्या पायथ्याशी लोखंडी दार. आत लांबच लांब उताराची वाट. मग अचानक छत उंच जातं आणि यंत्रांचं दालन उघडतं. कुठूनतरी पाण्याचा आवाज येत राहतो. तो आवाज आमच्या मोरीतल्या हौदाचा आहे, कारण टेपरेकॉर्डर घेऊन ते अर्धा तास नळ सोडून उभे होते आणि मी खालून ओरडत होते, “बनसोडे, नगरपालिका तुमची आहे का?”

आणि पहिली दहा मिनिटं त्यात एकही राक्षस नव्हता.

मी म्हटलं, “अहो, मग मारायचं काय?”

“मानूस आधी एकटा पडला पायजे, बाई. मग राक्षस नसला तरी चालतंय.”

चाचणीला मला बसवत. का, तर “तुमच्याइतकं वाईट कुनीच खेळत न्हाई.” मी हमखास चुकायची. एकाच खांबाभोवती सात वेळा फिरायची. ते मागं वही घेऊन उभे. मी कुठं थांबले, कुठं मागं वळले, कुठं “अगं बाई” म्हटलं, सगळं टिपायचे. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, आता जाऊ कुठं? तर म्हणाले, “चुका. पन चुकलाय हे तुमाला कळाय पायजे. न कळता चुकवलं तर ती माजी लबाडी झाली.” दुसऱ्या दिवशी तिथल्या भिंतीचा रंग बदललेला असे, किंवा लांबवर एक दिवा लागलेला. “भिंत खोटी चालंल, कोपरा खरा पायजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चार महिने रोज दुपारी हे चाललं. जेवणाचा डबा त्यांनी बहुतेक वेळा तीननंतर, उभ्यानंच खाल्ला.

मग एक पालक आले. मुलगी टायपिंगला पाठवली आणि ती घरी येऊन राक्षसांची नावं सांगते, हे काय वळण, म्हणून मला चांगलं सुनावलं. मी काय करावं? मी त्याच दिवशी सव्वा वाजेपर्यंत त्याच राक्षसांना गोळ्या घालत होते. दीड वाजता खाली जाऊन स्वतः सूचना टंकित केली: ‘संस्थेच्या यंत्रांवर हिंसक खेळ ठेवण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, प्राचार्या.’ खाली दुहेरी रेघ.

बनसोड्यांनी ती वाचली. “बोगदाबी का?”

“नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी वेगळा कसा करू?”

त्यांनी माझ्यासमोर सगळं यंत्रांच्या आतून काढून टाकलं आणि बोगदा फ्लॉप्यांवर घेतला. सहा फ्लॉप्या लागल्या. न जाणो म्हणून आणखी सहांवर त्याचीच नक्कल. बारा फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या. “आत नको म्हनालात, भाईर ठेवलंय,” एवढंच बोलले. दुपारी फ्लॉपीवरून चालवायचे, तीनला यंत्रावरून पुसून टाकायचे. नियम त्यांनी माझ्यापेक्षा चांगला पाळला.

त्या भाद्रपदात बंगलोरहून पत्र आलं. परदेशी लोकांसाठी खेळ तयार करणारी एक नवी कंपनी होती. बनसोड्यांनी मासिकातला पत्ता पाहून अर्ज केला होता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात या, तुम्ही बांधलेलं बरोबर आणा आणि आमच्या यंत्रावर चालवून दाखवा, पसंत पडलं तर लगेच कामावर घेऊ. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, कारण इंग्रजी बरोबर समजलं की नाही याची खात्री करायची होती. मी मोठ्यानं वाचलं. ते पुन्हा म्हणाले, वाचा. मी तीनदा वाचलं. सात वर्षं रोजंदारी आणि दीड वर्ष माझ्याकडचा पगार, यातून बाहेर जायचा तो रस्ता होता, आणि तो त्या डब्यात होता. हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे टंकयंत्रांची पूजा असे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आदल्या दिवशी मी तयारी करत असताना बनसोडे खाली आले. दसऱ्याला त्यांच्या गावी धम्मचक्राच्या दिवसाचा कार्यक्रम असे, त्यासाठी ते दोन दिवस कडेगावला निघाले होते. एकादशीला परत येणार, डबा घेणार आणि संध्याकाळी मिरजेहून बंगलोरची गाडी.

“बाई, तुमच्या मशीनची पूजा करा, माजं कायबी म्हननं न्हाई. फकस्त माज्या डब्याला हात लावू नगा. आमच्यात पूजा न्हाई. आन् फ्लॉपीला तर नगोच.”

“छे हो, मी कशाला हात लावते?”

“नक्की ना?”

“बनसोडे, मी काय लहान आहे?”

लहान असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चौदा टंकयंत्रं झाली, सहा संगणक झाले, तबकात कुंकू उरलं. तेलात कालवलेलं, यंत्राच्या पत्र्यावर टिकावं म्हणून. कपाट समोर होतं. आणि मला भरून आलं. हो, भरून आलं! माणूस एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, त्याचं हत्यार तेवढं बिनपूजेचं राहायचं? त्यांच्यात नसेल, देव थोडाच असं बघतो? त्यांना कळणारसुद्धा नाही. मी डबा उघडला. पुढचं वर सांगितलंच आहे.

एकादशीला सकाळी ते आले. डबा उघडताच तेलाचा वास आला असणार, कारण झाकण हातात धरून ते तसेच उभे राहिले. पहिलं पाकीट काढलं. खिडकीत लाल ठिपका, त्यावर चिकटलेला तांदळाचा दाणा. दुसरं काढलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “सगळ्या?”

मला वाटलं, माणूस हेलावलाय. मी अभिमानानं सांगितलं, “सगळ्या! एकसुद्धा सोडली नाही.”

ते खाली बसले. डायरीतलं ब्लेड काढून त्यांनी एका फ्लॉपीची कड कापली, आतली तबकडी बाहेर घेतली, मोरीत नेऊन साबणाच्या पाण्यात बोटांच्या टोकांनी धुतली, वाळवली, एका रिकाम्या फ्लॉपीच्या वेष्टनात सरकवली आणि यंत्रात घातली. यंत्र करकरलं, खरवडल्यासारखं. पुन्हा दुसरी. पुन्हा तिसरी. दुपारी दोनपर्यंत बारा झाल्या. हौदाचा आवाज वाचला. भिंतींची काही चित्रं वाचली. नकाशा दोन्ही नकलांत गेला होता, आणि ज्या यंत्रावर प्रयत्न केला त्याचा फ्लॉपी वाचायचा भागही खराब झाला होता. मी दारात उभी होते. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “देवाची इच्छा.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वहीतून बोगद्याचा शाईचा नकाशा काढला, गुंडाळी केली आणि मिरजेची एसटी पकडायला गेले.

चार दिवसांनी परतले. मी विचारलं तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं. “नकाशा बघून लय चांगला हाय म्हनाले. मग म्हनाले, आता ह्येच्यात चालून दाखवा.” आणि वर विचारलं, “कागदात कसं चालनार, बाई?” त्या कंपनीनं दुसरी चार पोरं घेतली.

इथवर मूर्खपणा झाला. मूर्खपणाची लाज वाटते, पण तो सांगता येतो. मी तर तो रंगवून सांगते आहे. पुढचं रंगवता येत नाही. पोरं विचारायला लागली, सरांचं काम का झालं नाही? पालकही विचारायला लागले. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, “बुरशी लागली हो फ्लॉप्यांना. साताऱ्याचा पावसाळा, त्यात निष्काळजीपणे उघड्या ठेवल्या की असंच होणार.” वर बघितलं तर बनसोडे जिन्यात उभे. पाचव्या-सहाव्या पायरीवर. त्यांनी ऐकलं होतं.  वर जाऊन त्यांनी पुढच्या बॅचला फ्लॉपीची निगा कशी राखावी हा धडा शिकवला: उन्हात ठेवू नये, लोहचुंबकाजवळ नेऊ नये, खिडकीला बोट लावू नये. शेवटचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी उतरवून घेतलं.

मी त्यांना एकदा म्हटलं, “पुन्हा करा की. दुपारभर यंत्र वापरा, मी नियम काढून टाकते.” ते म्हणाले, “आता नगं.” दिवाळीच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला. जाण्याआधी सहाही दोऱ्यांच्या गाठी ओढून पाहिल्या, एक सैल होती ती आवळली, आणि गेले. गुणांची कदर करणाऱ्या प्राचार्येनं निरोपसमारंभ ठेवला नाही.

त्यानंतर चार वर्षांनी मी सांगलीला लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. एका दुपारी औषधं आणायला बाहेर पडले, तर रस्त्यालगतच्या तळघरातून आरडाओरडा ऐकू आला. “मारला रं! मारला त्येला!” “पाठीमागनं आलास व्हय गड्या? ह्यो डाव न्हाई!” “मग काय सांगून येऊ? पत्रिका छापू?” मी पायऱ्या उतरून डोकावले. आठ संगणक तारांनी एकमेकांना जोडलेले आणि कॉलेजची पोरं त्यांना भिडलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक यंत्र उघडून बनसोडे बसले होते. कानांवरचे केस पांढरे झालेले. दुकान दुसऱ्याचं, ते यंत्रांची देखभाल बघत होते.

मला बघून उठले. “बाई! या, बसा.” खुर्ची दिली. कसं चाललंय विचारलं, लेकीचं विचारलं. मग माझी नजर पडद्यावर गेलेली पाहून, जुन्या सवयीनं, समजावून सांगू लागले. खेळाचं नाव बदललंय, पण घराणं तेच आहे. नव्या नावाच्या पहिल्याच भागापासून सगळं खरंच खोल झालं, खोलीवर खोली बांधता येते, राक्षसालाही पाठ आली. त्याच्या पुढच्या भागाला चित्रांसाठी वेगळं महागडं कार्ड लागायला लागलं. आणि हा सगळ्यात नवा. “ह्येच्यात मान वर करून बघता येतंय,” म्हणून त्यांनी मला माउस दिला. मी वर बघितलं. जांभळं आभाळ होतं. तेवढ्यात कुणीतरी मला मारलं.

“राक्षस कुठं गेले?” मी विचारलं.

“राक्षस काडून टाकलं. गोष्टबी काडून टाकली. आता मानसंच एकमेकास्नी पुरतात.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, “तुमचा बोगदा? पुन्हा केलात?”

“दोनदा बसलो.” त्यांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला. “तवाचा खेळ रेघेचा हुता, मला रेघ येत हुती. आता ठोकळं घिऊन कोरत जायाचं. त्येची शाळा येगळी, मशीन येगळं. बंगलोरच्या त्या चार पोरास्नी कंपनीनंच पुढचं शिकवलं म्हनं. त्यातला एक परदेशी गेलाय.” हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. बसचं वेळापत्रक सांगावं तसं बोलले.

आणि मग मी केलं ते. त्या तळघरात, आठ पोरांसमोर, मला हुंदका फुटला. बनसोडे, बुरशी नव्हती हो, मी सगळ्यांना खोटं सांगितलं, तुमच्यावर ढकललं, तुम्ही नको म्हणाला होता आणि मी, मला झोप येत नाही, माझ्या जिवाला किती लागलंय तुम्हाला कल्पना नाही, असं काय काय. पदर तोंडाला. पोरांनी खेळ थांबवला. एकानं पाण्याची बाटली पुढं केली. दुसरा म्हणाला, “सर, आजीस्नी रिक्षा बघू का?” मी आणखी जोरात रडले. चार वर्षांनी माणूस भेटला होता आणि पाच मिनिटांत सगळं तळघर माझ्याभोवती गोळा झालं होतं.

बनसोडे सर उभे राहिले. पोरांना हातानं मागं सारलं. माझ्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि मला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले:

“बाई, रडायचं असंल तर घरी जाऊन रडा. नुसकान माजं झालं, आन् समजूत तुमची काडत बसू व्हय?”